पहिला शुक्रवार, २०–२४ : पंट, पोटरीतले गोळे आणि हुकलेला एक गुण

यार्डपट्टी | शनिवार, ३० ऑगस्ट २०२५, सकाळी ७:४०

आपल्या शाळेच्या काल रात्रीच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यावर बोलायला धागा काढतोय. एक विनंती आधीच करतो. शाळेचं नाव, मुलांची नावं, जर्सीचे नंबर यातलं काही इथे येऊ देऊ नका. मैदानावरची मुलं १६-१७ वर्षांची आहेत आणि नेटवर लिहिलेलं राहून जातं. ‘पंटर’, ‘डावा टॅकल’ अशा जागांच्या नावांवर आपलं भागतं.

सामना पाहायला ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठी: टेक्सासमधला हंगामाचा पहिला शुक्रवार, घरचं मैदान. पहिल्या क्वार्टरमध्ये आपला टचडाउन (बॉल त्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की ६ गुण, वर एका गुणाची किक), ७–०. दुसऱ्यात त्यांचा, ७–७. मग आपला आणखी एक, पण त्यावरची एका गुणाची किक झालीच नाही, म्हणून १३–७. हाफटाइमच्या तोंडावर त्यांचा फील्ड गोल (खांबांमधून मारलेली ३ गुणांची किक), १३–१०. तिसऱ्यात आपण २०–१०. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला आपला पंट (लाथेने लांब उडवायचा बॉल) अडवला गेला, बॉल थेट आपल्या ९ यार्डांवर त्यांच्या हातात, दोन डाउनमध्ये टचडाउन. त्यानंतर त्यांची एक लांबलचक ड्राइव्ह (सलग चाल) आणि २०–२४. शेवटी आपण त्यांच्या २२ यार्डांपर्यंत पोचलो, चौथा डाउन, ६ यार्ड हवे होते, पास जमिनीवर.

स्कोअर बघून ‘डिफेन्स झोपला’ म्हणणं सोपं आहे. माझ्या मते सामना तीन ठिकाणी गेला: पंट, हुकलेली किक, आणि शेवटच्या १२ मिनिटांत गोळे येऊन बसलेली पाच मुलं. यावर जाणकारांनी लिहावं.

ब्लीचर१२ | सकाळी ८:०५

मनापासून वाईट वाटलं. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत पोरं काय सुंदर खेळली! डाव्या बाजूच्या गार्ड-टॅकलनी (पुढच्या फळीतली मुलं) काल जी वाट करून दिली ती गेल्या हंगामात एकदाही दिसली नव्हती. ते कुणी विसरू नये.

लाँगस्नॅप | सकाळी ८:५०

पंटबद्दल लिहितो, कारण तो नशिबाने अडवला गेला नाही. तो पहिल्या क्वार्टरपासून अडवला जाण्याच्या बेतात होता.

फोनवर स्टॉपवॉच लावून कुणीही मोजू शकतं. स्नॅपरचा (पायांमधून बॉल मागे देणारा; ते देणं म्हणजे स्नॅप) हात हलला की सुरू, बॉल पंटरच्या बुटाला लागला की बंद. हायस्कूलच्या पातळीवर हे सगळं २.१ ते २.२ सेकंदांत उरकायला हवं. त्यातला स्नॅपचा वाटा साधारण ०.८ सेकंद, आणि पंटरच्या हातात बॉल आल्यापासून पाय लागेपर्यंत १.३ ते १.४. बाहेरच्या टोकावरून येणारा चपळ गडी तेवढ्याच वेळात अडवायच्या जागेवर पोचतो. म्हणजे दोन-तीन दशांश सेकंद इकडेतिकडे झालं की संपलं.

कालचे चार पंट मी रेकॉर्डिंगवरून मोजले: २.२, २.४, २.४ आणि अडवलेला २.६. आकडा कसा चढत गेला बघा. याची तीन कारणं दिसतात.

पहिलं, घाम. आपला स्नॅपर ऑफेन्समध्ये गार्ड म्हणूनही खेळतो. चौथ्या क्वार्टरपर्यंत त्याच्या कोपरापासून घाम ओघळत तळव्यात येतो. बॉल हातातून उशिरा सुटतो आणि वर जातो. अडवलेल्या पंटचा स्नॅप पंटरच्या कपाळाच्या उंचीवर आला. तो यायला हवा उजव्या कमरेपाशी. हात वर नेऊन बॉल खाली आणणं, शिलाई फिरवून घेणं, यातच पाव सेकंद गेला. उपाय साधा आहे: स्नॅपरच्या कमरेला टॉवेल, मनगटांवर घामपट्ट्या, आणि चौथ्या डाउनला अंपायरकडे कोरडा बॉल मागणं. बॉल-बॉयकडे तो टॉवेलात गुंडाळून तयार असावा.

दुसरं, मोजणी. आपण शील्ड पंट खेळतो. पुढे सात जण, त्यांच्या मागे ७ यार्डांवर तीन धिप्पाड मुलांची भिंत, पंटर १४ यार्डांवर. भिंतीतला मधला मुलगा समोरचे धावून येणारे मोजतो आणि ओरडून सांगतो. त्याने ‘सात’ सांगितले, होते आठ. आठवा उजव्या टोकाच्या बाहेर सरकून उभा होता. आकडा आठ असेल तर भिंतीने बाहेर बघायचं नसतं. आतला आधी, बाहेरचा मागून, कारण बाहेरच्याला अंतर जास्त कापावं लागतं. आपला उजवा शील्ड नेमका बाहेर वळला आणि आतून मोकळी वाट मिळाली.

तिसरं, पंटरची पावलं. तो तीन पावलं टाकतो आणि पुढे सरकत ११ यार्डांवर येऊन किक मारतो. म्हणजे अडवणाऱ्याचं काम आपणच तीन यार्डांनी सोपं करतो. दोन पावलांत मारायला शिकवलं तर अंतरही वाचतं, वेळही.

आणि हे सगळं पहिल्याच सामन्यात का दिसतं? स्क्रिमेजमध्ये (हंगामाआधीचा सराव सामना) किक सहसा खऱ्या वेगाने खेळतच नाहीत. त्यामुळे पंटवर खरा धावता हल्ला ही मुलं ऑगस्टअखेर पहिल्यांदा बघतात.

टर्फबर्न | सकाळी ९:३०

लाँगस्नॅप, फार नेमकं लिहिलंत. एक भर घालतो. अडवला गेला तरी खेळ संपत नाही. जिथून खेळ सुरू झाला त्या लाइनच्या मागे बॉल आहे तोवर आपणही उचलून पळू शकतो, फक्त चौथा डाउन असल्याने पहिल्या डाउनच्या खुणेपलीकडे जायला हवं. काल आपला एक मुलगा बॉलपासून दोन हातांवर होता आणि थांबला, त्याला वाटलं खेळ मेला. तो नुसता अंगाखाली घेतला असता तरी बॉल १७ यार्डांच्या आसपास राहिला असता, ९ वर नाही. पंटच्या सरावात आठवड्यातून एकदा मुद्दाम अडवून दाखवायला हवं, म्हणजे पुढे काय करायचं ते अंगवळणी पडतं.

पानशेत | सकाळी १०:१०

मी पुण्याहून वाचतेय, भाचा तिकडे नववीत आहे आणि पुढच्या वर्षी टीममध्ये जायचं म्हणतोय, म्हणून हा धागा उघडला. बॉल आपल्याकडे असताना तो लाथ मारून समोरच्यांना देऊन का टाकतात, हे कुणी समजावेल का?

पिवळारुमाल | सकाळी १०:४५

पानशेत, स्वागत. १० यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. (एक यार्ड म्हणजे ३ फूट. मैदान १०० यार्ड लांब, दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचे एंड झोन, रुंदी ५३ यार्ड आणि १ फूट.) चारांत १० यार्ड झाले की पुन्हा चार मिळतात. नाही झाले तर जिथे आहात तिथूनच समोरच्यांचा डाव सुरू. आपल्याच ३० यार्डांवर असं झालं तर त्यांना फक्त ३० यार्ड जायचं उरतं. म्हणून चौथ्या डाउनला बॉल लांब उडवून त्यांना मागे ढकलतात. तोच पंट.

भाच्यासाठी: टेक्सासच्या शाळा एनसीएएचे, म्हणजे कॉलेजचे नियम थोडे बदलून वापरतात. बाकी बहुतेक राज्यांत एनएफएचएसचे, म्हणजे हायस्कूल संघटनांच्या महासंघाचे नियम चालतात. त्यामुळे दुसऱ्या राज्यातला व्हिडिओ बघून नियम पाठ केले तर गफलत होते.

कालचंच उदाहरण. दुसऱ्या क्वार्टरमधला आपला ४१ यार्डांचा पास रद्द झाला तेव्हा स्टँडमध्ये बराच आरडाओरडा झाला. रेफ्रीचा निर्णय बरोबर होता. तो आरपीओ होता, म्हणजे क्वार्टरबॅक (डाव चालवणारा, पास फेकणारा) धावणाऱ्याच्या पोटात बॉल ठेवून लाइनबॅकरकडे (समोरच्या फळीमागचा बचावपटू) बघतो आणि मग ठरवतो, द्यायचा की फेकायचा. लाइनमनना पासची कल्पनाच नसते, ते धावेसाठी ब्लॉक करत पुढे जातात. पास लाइनपलीकडे जात असेल तर इथे त्यांना ३ यार्डांची मुभा आहे, एनएफएचएसमध्ये २. आपल्या क्वार्टरबॅकने बॉल हातात जरा जास्त रेंगाळवला आणि तोवर उजवा गार्ड ५ यार्डांवर पोचला होता. चूक गार्डची दिसते, मूळ उशिरा फेकण्यात आहे. धावणाऱ्याच्या पोटातून बॉल काढला की लगेच सुटायला हवा, दुसरं पाऊल टाकायला वेळ नाही.

यार्डपट्टी | दुपारी १२:२०

आता त्या एका गुणाचं बघू. १३–७ वाली किक झाली असती तर शेवटी २१–२४ असतं. चौथा डाउन २२ यार्डांवर होता. २२ अधिक एंड झोनचे १० आणि होल्डर (किकसाठी बॉल धरणारा) मागे असतो ते ७, एकूण ३९ यार्डांची किक. आपला किकर ती मारतो. बरोबरी आणि ओव्हरटाइम. एक गुण नव्हता म्हणून टचडाउनशिवाय पर्याय नव्हता.

मान्य आहे, स्कोअर वेगळा असता तर मधले निर्णयही वेगळे झाले असते. तरी जीव हळहळतो.

लाँगस्नॅप | दुपारी १:०५

त्या किकचा स्नॅप जमिनीला टेकून आला. इथे स्नॅपर वेगळा आहे, पंटवाला नाही. ७ यार्डांचा स्नॅप, आणि स्नॅपपासून किकपर्यंत सगळं १.३ ते १.४ सेकंदांत. होल्डरने बॉल उचलला, उभा केला, तोवर किकर पाऊल टाकून थांबला होता. थांबलेला किकर पुन्हा सुरू होत नाही. तो प्रयत्न तिथेच मेला.

अशा वेळी होल्डरने ‘फायर!’ ओरडायचं, उजवीकडे पळायचं, दोन्ही टोकांची मुलं एंड झोनमध्ये मोकळी व्हायला धावतात. पास झेलला तर उलट दोन गुण मिळतात. आपला होल्डर गप्प राहिला आणि बॉल घेऊन खाली बसला. पण त्याला दोष देण्याआधी हे लक्षात घ्या: कॉलेजच्या नियमांत समोरच्यांनी तो बॉल पकडून दुसऱ्या टोकाला नेला तर त्यांना दोन गुण मिळतात. सराव नसेल तर घाबरून कुठेतरी फेकण्यापेक्षा बसणं बरं. एनएफएचएसच्या राज्यांत हा धोका नसतो, बॉल त्यांच्या हातात गेला की खेळ थांबतो.

आणि होल्डर म्हणून बहुतेक शाळा राखीव क्वार्टरबॅक ठेवतात त्याचं कारणही हेच. हात चांगले, वेळ पडली तर फेकता येतं, आणि मुख्य म्हणजे सरावात किकरबरोबर द्यायला त्याच्याकडे वेळ असतो.

सरबत | दुपारी ३:३०

मी दुसऱ्या एका शाळेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे. (पानशेत, इथे ट्रेनर म्हणजे व्यायाम करून घेणारा नव्हे. दुखापत आणि उष्माघात हाताळणारा परवानाधारक माणूस.) कालच्या गोळ्यांबद्दल ‘पोरं फिट नाहीत’ असं स्टँडमध्ये कानावर पडलं, ते मला पटत नाही.

पाचही मुलं दोन्ही बाजूंनी खेळणारी होती. ऑफेन्स, डिफेन्स, वर किकऑफ (बॉल उडवून खेळ सुरू करणं) आणि पंट. म्हणजे बाकावर बसायची वेळच नाही. संध्याकाळी साडेसातला उकाडा, अंगावर हेल्मेट-पॅड, तासाला दीड-दोन लिटर घाम सहज जातो. घामाच्या लिटरमागे साधारण १ ग्रॅम सोडियम जातं, काहींचं त्याच्या दुप्पट. ज्याची काळी बनियन वाळल्यावर तिच्यावर पांढरे नकाशे उमटतात तो खारट घामवाला. त्याला नुसत्या पाण्याने भागत नाही.

घरी करता येईल ते सांगते. १ लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर (सपाट ५ टेबलचमचे), पाव ते अर्धा चहाचा चमचा मीठ, एक लिंबू. आपलं नेहमीचं लिंबू सरबतच, फक्त मोजून. अर्ध्या चमच्यात साधारण ११५० मिलिग्रॅम सोडियम येतं. बाजारातल्या रंगीत पेयांत लिटरला साधारण ४५० असतं. सामन्याच्या दिवशी सकाळपासून थोडं थोडं, आणि आदल्या दोन दिवसांच्या जेवणात मीठ टाळायचं नाही. साडेतीन-चार तास आधी भात, फोडणी हलकी, तळकट नाही. आपल्या घरांत डाळ-भात-लोणचं असतंच, शुक्रवारी दुपारच्या डब्याला त्याहून चांगलं काय हवं.

वजन करा. सरावाआधी आणि नंतर, कोरड्या चड्डीवर. जितके पौंड कमी झाले तितक्या वेळा ६००-७०० मिली, पुढच्या काही तासांत. वजनाच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त घट होऊ द्यायची नाही. आणि वजन वाढलेलं दिसलं तर तो मुलगा जास्त पाणी पितोय. भीतीपोटी गॅलनभर पाणी रिचवणं जिवावर बेततं, रक्तातलं सोडियम खाली जातं. डोकं दुखणं, उलटी, गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर आणखी पाणी पाजू नका.

गोळा आल्यावर काल एका मुलाची पोटरी दोघांनी मिळून दाबून ठेवली होती. तसं करू नये. गुडघा सरळ, पायाची बोटं हळू नडगीकडे ओढायची, २०-३० सेकंद धरायचं, सोडायचं, पुन्हा. मग खारट पेय, आणि परत पाठवण्याआधी निदान पाच मिनिटं चालवून बघायचं.

आणखी एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही. इथला हाफटाइम दोन्ही बँड वाजवतात म्हणून जवळपास अर्ध्या तासाचा. मुलं वातानुकूलित खोलीत बसतात, स्नायू थंड पडतात, आणि बाहेर येऊन तीन मिनिटांत पूर्ण वेगाने पळतात. पहिल्या सामन्यात हे हमखास नडतं. शेवटची सात-आठ मिनिटं बाहेर काढून अंग गरम करायला हवं.

ब्लीचर१२ | दुपारी ४:००

सरबतताई, गोळा आणि उष्माघात यांत फरक कसा करायचा?

सरबत | दुपारी ४:४०

गोळ्यात मुलगा शुद्धीवर असतो, ओरडत असतो, स्नायू दगडासारखा लागतो. उष्माघातात आधी डोकं बिघडतं. चुकीच्या घोळक्यात जाऊन उभा राहतो, विनाकारण चिडतो, स्वतःचा नंबर सांगता येत नाही, कोसळतो. घाम थांबण्याची वाट बघू नका, या मुलांना उष्माघातातही घाम येत असतो. शरीराच्या आतलं तापमान १०४-१०५ फॅरनहाइट (४०-४०.५ सेल्सिअस) झालं असेल तर बर्फाच्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवायचं, पाणी सतत ढवळायचं, अर्ध्या तासाच्या आत तापमान खाली आणायचं. १०२ पर्यंत उतरलं की मग अ‍ॅम्ब्युलन्समधून न्यायचं. आधी थंड करा, मग हलवा. हा क्रम उलटा झाला की मूल हातचं जातं.

तिसरा प्रकारही आहे. मुलगा अशक्त होऊन खाली बसतो, पाय दुखतात म्हणतो, पण स्नायू हाताला मऊ लागतो. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा गुण अंगात असेल तर जोराच्या श्रमात असं होतं. विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार चांगला ठाऊक आहे. तिकडचं कुटुंब असेल आणि तपासणी झाली असेल तर तो कागद शाळेच्या नर्सकडे आणि ट्रेनरकडे जरूर द्या.

सरावाच्या वेळी नुसता पारा बघून चालत नाही. डब्ल्यूबीजीटी म्हणजे ऊन, दमटपणा, वारा सगळं धरून येणारा आकडा. जॉर्जिया राज्यात २०१२ पासून ९२ फॅरनहाइटच्या वर गेला की मैदानावरचा सराव बंद, ९० ते ९२ मध्ये जास्तीत जास्त एक तास आणि तोही पॅडशिवाय. टेक्सासातही आता हाच आकडा बघतात.

भाच्यासाठी एवढंच, पानशेत: ऑगस्टमधले पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, पुढचे दोन दिवस हेल्मेट आणि शोल्डर पॅड, पाचव्या दिवसापासून पूर्ण सामान. हा नियम आहे. अंगाला उकाड्याची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. त्याने जुलैपासून संध्याकाळी बाहेर पळायला सुरुवात केली तर ऑगस्ट निम्मा सोपा जाईल.

ट्यूबा | संध्याकाळी ६:१०

बँडवाल्यांचाही विचार व्हावा. तीच हवा, अंगावर जाड गणवेश, १५ किलोच्या आसपासचं सुझाफोन खांद्यावर. शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला ८ तासांपेक्षा जास्त तालीम घेता येत नाही असा नियम आहे, तरी सामन्याच्या रात्री चार तास उभं राहणं असतंच. वरचा खारट-गोड सरबताचा हिशोब त्यांनाही लागू. आणि गुडघे ताठ ठेवून उभं राहायचं नाही, चक्कर येते.

काल गणपतीचा तिसरा दिवस होता. इतक्या घरांतून आरती लवकर उरकून मंडळी स्टँडमध्ये आली हे बघून बरं वाटलं. पुढच्या शुक्रवारचा सामना ५ तारखेला आहे, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. ज्यांच्याकडे विसर्जनाची तयारी आहे त्यांनी तिकिटं आधीच काढून ठेवा.

पिवळारुमाल | रात्री ८:००

५ तारखेला ब्राझीलमध्ये एनएफएलचाही (व्यावसायिक लीग) सामना आहे, शुक्रवारी. एनएफएल शुक्रवारी क्वचितच का खेळते याचं मूळ आपल्या शाळांच्या फुटबॉलमध्ये आहे. १९६१ च्या कायद्यानुसार सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर आणि शनिवारी, शाळा-कॉलेजांच्या सामन्यांच्या परिसरात व्यावसायिक सामना टीव्हीवर दाखवला तर लीगला त्या कायद्याने मिळणारी सवलत जाते. ५ तारीख पहिला शुक्रवार म्हणून सुटते. आपलं स्टँड भरलेलं राहतं त्यात या कायद्याचा मोठा वाटा आहे.

टर्फबर्न | रविवार, सकाळी ९:१५

एका निर्णयाबद्दल बोलायचं राहिलं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये २०–१० असताना त्यांच्या ३८ वर चौथा डाउन, २ यार्ड हवे. आपण पंट केला, बॉल एंड झोनमध्ये गेला, त्यांना २० वर मिळाला. म्हणजे पंटने १८ यार्ड कमावले. डाव्या बाजूची लाइन तेव्हा दर धावेला ४-५ यार्ड ढकलत होती. दोन यार्डांसाठी तिकडून जायलाच हवं होतं. जमलं नसतं तरी १८ यार्डांचाच फरक.

यार्डपट्टी | सकाळी १०:००

पूर्ण सहमत नाही. ३८ वरून पंट नको, हे खरं. पण तोपर्यंत डाव्या टॅकलला दोनदा गोळा आला होता आणि त्याच्या जागी दहावीतला मुलगा उभा होता. कोचने ते पाहून ठरवलं असणार. मग पंट १५ च्या आत पाडायला हवा होता, उंच आणि बाहेरच्या रेषेकडे. पंटरने सरळ मधोमध जोरात मारला.

टर्फबर्न | सकाळी १०:२०

बदली मुलाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग निर्णय समजू शकतो.

टॅकलिंगबद्दल (बॉलवाल्याला धरून पाडणं) दोन शब्द. त्यांच्या शेवटच्या ड्राइव्हमध्ये आपले सात टॅकल सुटले, त्यातले पाच एकाच पद्धतीने: मुलगा दोन यार्ड लांबून हवेत झेपावला. दमलेला खेळाडू पाय थांबवतो आणि झेप घेतो. शिकवतात ते असं: धावणाऱ्याच्या जवळच्या पायाशी आपला जवळचा पाय पडेपर्यंत पळत राहायचं, डोकं त्याच्या मागच्या बाजूला, खांदा मांडीवर, हात आवळायचे, मग पाय चालू. डोकं समोर आडवं घालायचं नाही, मानेला धोका. सरावात खऱ्या जोराच्या टॅकलवर वेळेची बंधनं आहेत आणि ती असायलाच हवीत. म्हणून गादीच्या मोठ्या चाकावर रोज दहा-बारा टॅकल करून घेतात. पहिल्या सामन्यात हुकणारे निम्मे टॅकल दुसऱ्या आठवड्यात बंद होतात, फक्त शनिवारचा व्हिडिओ मुलांबरोबर बसून बघायला हवा.

सिक्समॅन | सकाळी ११:३०

पश्चिम टेक्सासच्या छोट्या गावांतल्या सहाजणांच्या फुटबॉलचीही आठवण काढतो, कारण दोन्ही बाजूंनी खेळणं तिथे रोजचंच. मैदान ८० बाय ४०, पहिल्या डाउनला १० ऐवजी १५ यार्ड, फील्ड गोलला ४ गुण, टचडाउननंतरच्या किकला २ आणि धावून किंवा पास झेलून १. सहाही जण पास झेलू शकतात. हाफनंतर ४५ गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच संपतो. १९३४ मध्ये नेब्रास्कात स्टीफन एपलर यांनी हा प्रकार काढला, छोट्या शाळांनाही टीम उतरवता यावी म्हणून. तिथले कोच दमलेल्या मुलाला किकऑफला बाहेर काढतात, कारण तेवढाच एक खेळ पळण्याशिवाय काही मागत नाही. परवा आपण नेमक्या किकऑफलाच तीच मुलं ठेवली होती.

सरबत | दुपारी १२:१५

सिक्समॅन, हा मुद्दा फार मोलाचा. एका सामन्यात सात-आठ किकऑफ धरले तरी ५०-६० यार्डांच्या तितक्या पूर्ण वेगाच्या धावा वाचतात.

ब्लीचर१२ | दुपारी १:००

डिस्ट्रिक्टवर (आपल्या गटातल्या शाळांची स्पर्धा) याचा परिणाम?

पिवळारुमाल | दुपारी १:२०

काही नाही. परवाचा सामना डिस्ट्रिक्टबाहेरचा. प्लेऑफला प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून चार टीम जातात, त्या डिस्ट्रिक्टच्या सामन्यांवरून. जास्त काळजी ऑक्टोबरची करा. ‘नो पास, नो प्ले’ १९८४ पासून आहे. पहिल्या सहा आठवड्यांच्या निकालात एका जरी विषयात ७० च्या खाली गेलं तर मुलगा बाहेर, आणि परत यायला निदान तीन आठवडे. डिस्ट्रिक्टचे सामने नेमके तेव्हाच असतात. तीन-चार मुलं दोन्ही बाजूंनी खेळत असतील तर एक गणिताचा पेपर दोन जागा रिकाम्या करतो. शाळेतल्या शिकवणीच्या वेळा मुलांना आत्ताच लावून द्या.

लाँगस्नॅप | गुरुवार, ४ सप्टेंबर, रात्री ९:५०

आज जेव्हीचा, म्हणजे मुख्य (व्हार्सिटी) टीमखालच्या दुसऱ्या टीमचा सामना होता. पंटला नवा स्नॅपर, दहावीतला, ऑफेन्समध्ये न खेळणारा. कमरेला पांढरा टॉवेल, प्रत्येक स्नॅपआधी दोन्ही तळवे पुसत होता, मग बोटं पसरून बॉलच्या शिलाईवर ठेवत होता. मोजलेले आकडे: ०.८४, ०.८१, ०.८६, ०.८०. तीन कमरेवर, एक गुडघ्यापाशी. पंटर व्हार्सिटीचा राखीव, दोन पावलांत मारतो. बुटाला लागेपर्यंत सगळ्यात जास्त वेळ २.२.

यार्डपट्टी | रात्री १०:०५

उद्या तो नवा स्नॅपर व्हार्सिटीच्या साइडलाइनवर असेल का?

लाँगस्नॅप | रात्री १०:१०

आठवड्याला एकच सामना खेळता येतो, त्यामुळे उद्या नाही. १२ तारखेला बघू. उद्या जुनाच स्नॅपर, पण गार्डला बदली दिसली पाहिजे.